शेवाळाच्या खाऱ्या टाकीत कोणाला घ्यावं, कोणाला नाही

दुकानात उभं राहून नवा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "हा रीफ सेफ आहे ना?" दुकानदार मान डोलावतो, आणि तो खोटंही बोलत नसतो. पण रीफ सेफ म्हणजे एवढंच की हा प्राणी प्रवाळाला तोंड लावत नाही. तुमच्या टाकीत प्रवाळ आहे कुठे? तिथे तुम्ही लाल ग्रॅसिलेरिया, हिरवा कॉलर्पा आणि चकत्यांच्या साखळीचा हॅलिमेडा ही समुद्री शेवाळं लावलीत. पिवळा टँग हा अगदी रीफ सेफ मासा, आणि मूठभर ग्रॅसिलेरियाचा फडशा पाडायला त्याला दोन-चार दिवस पुरतात. तेव्हा ही पाटी डोक्यातून काढून टाका आणि प्रत्येक प्राण्याबद्दल एकच गोष्ट विचारा: याचं रोजचं खाणं काय?

खानदेशात खाऱ्या पाण्याची टाकी हा तसाही हट्टाचाच कारभार. समुद्र लांब, बोअरचं पाणी जड, आणि मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या वर. इथे प्रवाळाचा नाद परवडत नाही. त्याला चिलर लागतो, तापमान थोडं चढलं तरी तो पांढरा पडतो. शोभेचं समुद्री शेवाळ, ज्याला छंदवाले नुसतं 'मॅक्रो' म्हणतात, त्या मानाने सोशिक आहे. दिसायला बाग, पाण्यातला नायट्रेट शोषून घेतं आणि स्वस्तात वाढतं. अडचण एकच. समुद्रातल्या निम्म्या जनावरांचं ते जेवण आहे.

पाणी, मीठ आणि टाकी मुरवणं यात इथे खोलात जात नाही. आरओचं पाणी, त्यात समुद्री टाकीसाठीचं तयार मीठ (किराणा दुकानातलं मीठ चालत नाही), घनता १.०२५, तापमान २४ ते २७ अंश. टाकी चार ते सहा आठवडे मुरली, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले, शेवाळाला नवे कोंब फुटले, की पुढचं वाचा. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी धरून मी लिहितोय. तिच्यात जेमतेम १९० लिटर पाणी मावतं, आणि दगड-वाळू टाकल्यावर त्याहूनही कमी.

पायरी १: आधी शेवाळ ठरवा, मग जनावर

सगळी शेवाळं सारखी चविष्ट नसतात. हे कळलं की अर्धी निवड सोपी होते.

सगळ्यात आवडीचं ग्रॅसिलेरिया. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर मंडपमकडे हेच गोळा करून त्यापासून अगर काढतात, म्हणजे आपण उन्हाळ्यात दुधात घालून जमवतो तो चायना ग्रास. माणसाला गोड लागतं ते माशाला का लागू नये? परदेशात तर ग्रॅसिलेरिया टँगचं खाद्य म्हणूनच विकलं जातं. अल्वा, म्हणजे पातळ पापुद्र्याचं हिरवं शेवाळ, त्याच पंक्तीत बसतं. हॅलिमीनियाची नारिंगी-लाल झुळझुळीत पानं दिसायला सगळ्यात देखणी आणि चावायला सगळ्यात मऊ.

कॉलर्पा मधल्या पायरीवर. त्यात कॉलर्पेनाइन नावाचं कडवट रसायन असतं, त्यामुळे पुष्कळ प्राणी एक घास घेऊन सोडून देतात. फॉक्सफेससारखे खादाड मात्र त्यालाही जुमानत नाहीत. कीटोमॉर्फा म्हणजे ताठ हिरव्या दोऱ्यांचा गुंता. गोगलगायी त्याच्या वाटेला फारशा जात नाहीत, पण टँग त्यालाही सोडत नाही. हॅलिमेडा सगळ्यात टिकाऊ. त्याच्या चकत्यांत चुना भरलेला असतो, वर रासायनिक बचावही असतो. नवख्याने पहिल्या टाकीत हॅलिमेडा आणि कॉलर्पा जास्त, ग्रॅसिलेरिया एखादा झुपका आणि हॅलिमीनिया शेवटी, असं केलं तर एखादं जनावर चुकलं तरी सगळी बाग जात नाही.

पायरी २: दुकानात तोंड बघा

रंगावर जाऊ नका. काचेजवळ जाऊन माशाचं तोंड पाहा, आणि पाच-दहा मिनिटं नुसते उभे राहा.

तोंड वर वळलेलं असेल आणि मासा पाण्याच्या मध्यात तरंगत समोरून येणारं टिपत असेल, तर तो वाहत्या पाण्यातले सूक्ष्म जीव खाणारा. क्रोमिस, अँथिअस या जातीचे. असे मासे शेवाळाकडे बघतही नाहीत. तोंड मोठं, डोळे मोठे, मासा एका जागी दबा धरून बसलेला, म्हणजे शिकारी. तो शेवाळ खाणार नाही, पण तुमची कोळंबी खाईल. तोंड लहान, बोथट, पुढे आलेलं, आणि मासा दिवसभर काच-दगड-काच असं टोचत फिरतोय, तर तो चरणारा. त्याच्या दातांची रचनाच शेवाळ कातरण्यासाठी असते आणि आतडं लांबलचक असतं, कारण पाला पचायला वेळ लागतो. अशा माशाला तुम्ही कितीही कोळंबी घाला, तो चरणारच.

दुकानदाराला एक विनंती करा: "भाऊ, याला माझ्यासमोर खायला टाका ना." मासा मायसिस किंवा आर्टेमियावर (माशांना खायला देतात ते बारीक झिंग्यासारखे जीव) झेपावला, तर एक गोष्ट कळते. तो खातोय. भुकेला राहिलेला मासा विकत घेऊन चारशे किलोमीटर आणण्यात काही अर्थ नाही.

पायरी ३: यांना दारातूनच परत पाठवा

टँग, सगळेच. पिवळा, सेलफिन, पावडर ब्लू. पावडर ब्लू तर आपल्या हिंदी महासागरातलाच, त्यामुळे दुकानात सहज दिसतो आणि त्या निळ्या रंगापुढे माणूस विरघळतो. शिवाय तीन फुटी टाकी टँगला मुळातच अपुरी. त्याला पोहायला लांबी लागते, कोंडमारा झाला की अंगावर पांढरे ठिपके येतात. काही जण सांगतात, टँगला रोज नोरी (समुद्री शेवाळाचा वाळवलेला कागद) द्या म्हणजे तो मॅक्रोला हात लावणार नाही. तो नोरीही खातो आणि मॅक्रोही खातो. कोल टँगचे दात कंगव्यासारखे असतात आणि तो जास्त करून दगडावरचा थर खरवडतो, त्यामुळे मोठ्या टाकीत त्याचा त्रास कमी. पण हा लेख वाचणाऱ्याने त्या वाटेलाही जाऊ नये.

फॉक्सफेस आणि त्याचे बाकीचे रॅबिटफिश भाऊबंद टँगहून वाईट. कॉलर्पाचं कडू रसायनही त्यांना अडवत नाही, आणि पाठीच्या काट्यात विष असतं. छोटे एंजल, कोरल ब्यूटीसारखे, दिवसभर टोचत असतात. निसर्गात त्यांच्या खाण्याचा मोठा भाग शेवाळच असतं. लॉनमोअर ब्लेनी नावाप्रमाणेच आहे. ती काचेवरचा आणि दगडावरचा बारीक थर खाते, पण थर संपला की मऊ मॅक्रोकडे वळते किंवा उपाशी मरते. दोन्ही नको.

आता मॉली. आपल्याकडे हा प्रश्न हमखास येतो, कारण जळगाव-धुळ्याच्या कुठल्याही मासेवाल्याकडे मॉली मिळते, आणि हळूहळू मीठ वाढवत नेलं की ती पूर्ण खाऱ्या पाण्यातही जगते. स्वस्तातला समुद्री मासा म्हणून कोणीतरी ती सुचवतंच. मॉली केसाळ शेवाळ आवडीने खाते हे खरं. पण तिला अल्वाही आवडतं आणि ग्रॅसिलेरियाचे कोवळे कोंबही. नुसत्या हॅलिमेडाच्या टाकीत चालेल, मिश्र बागेत नको.

इथेच एक मोठा गैरसमज सांगून टाकतो. टाकीत केसाळ शेवाळ माजलं की नवा माणूस 'शेवाळ खाणारं' काहीतरी शोधायला निघतो. मॅक्रोच्या टाकीत असं जनावर सोडणं म्हणजे केळीच्या बागेत शेळी सोडून तिला "बाई, तेवढं गवत खा" असं सांगणं. केसाळ शेवाळ आणि तुम्ही पैसे देऊन आणलेलं शेवाळ यांतला फरक तुम्हाला कळतो, तिला नाही. केस हाताने उपटा, दगड काढून टूथब्रशने घासा, खाणं थोडं कमी करा. मॅक्रो जोमात वाढलं की केसांना पाण्यातलं खत पुरत नाही आणि ते आपोआप मागे हटतात. याला महिने लागतात.

माशांखेरीजचे चोर जास्त बेरकी. सी अर्चिन, म्हणजे काटेरी चेंडू, कुठल्याही जातीचा नको. त्याचा पाच दातांचा जबडा दगडासकट खरवडतो, आणि टक्सिडो अर्चिन तर शेवाळाचे तुकडे डोक्यावर पांघरून हिंडतो. सी हेअर ही बिनशंखाची समुद्री गोगलगाय, तिचं जेवणच मॅक्रो. लेट्युस स्लग दिसायला झालरीचा रुमाल, पण तो शेवाळाच्या पेशीत सुईसारखा दात खुपसून रस ओढून घेतो, आणि कॉलर्पाच्या घराण्यातलं शेवाळ त्याच्या आवडीचं. एमराल्ड क्रॅब बुडबुड्यांचं शेवाळ खातो म्हणून विकला जातो. ते खाऊन झालं की बाकीचं खातो. सॅली लाइटफूट खेकडाही तसलाच. डेकोरेटर क्रॅबची गंमत वेगळी. तो खाण्यासाठी तोडत नाही, शेवाळ कातरून अंगावर लावतो, स्वतःला लपवायला. परिणाम तोच.

मोठी टर्बो गोगलगाय या यादीत टाकताना लोक नाराज होतात, कारण काच साफ करायला तिच्यासारखी दुसरी नाही. पण मोठी टर्बो थर संपला की मऊ लाल शेवाळ सरळ खाते, आणि रात्री खाते, म्हणून संशय तिच्यावर येत नाही. वर ती अवजड. चालताना न रुजलेला झुपका ढकलून पाडते.

न खाता नासधूस करणाऱ्यांचीही वेगळी जात आहे. डायमंड गोबी वाळू तोंडात घेऊन कल्ल्यातून उडवत जाते. शेवाळ खात नाही, पण दोन दिवसांत कॉलर्पाची मुळं उघडी पडतात आणि बुटक्या झुपक्यांवर वाळूचा थर बसतो. बागेच्या टाकीत वाळू चाळणारे मासे टाळा.

पायरी ४: हे चालतील

क्लाउनफिशची जोडी. ऑसिलॅरिस जातीची, शक्यतो हॅचरीत वाढलेली. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र बसवलंय, त्यामुळे टाकीत जन्मलेली पिल्लं मिळू शकतात. ती तयार खाणं लगेच घेतात आणि समुद्रातून पकडून आणलेल्या माशांपेक्षा कणखर असतात. अॅनिमोन, म्हणजे समुद्रात क्लाउनफिश ज्यात राहतो तो फुलासारखा प्राणी, घेऊ नका. ते सरकत सरकत फिरतं, वाटेत येईल त्याला डंख करतं, आणि क्लाउनफिशला त्याची गरज नसते. पुष्कळदा जोडी मॅक्रोच्या एखाद्या झुपक्यातच घर करते.

बँगाई कार्डिनल. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, संथ, लांब परांचा. हिरव्या पार्श्वभूमीवर याच्याइतका उठून दिसणारा मासा दुसरा नाही, हे माझं मत. पजामा कार्डिनलही चालतो. दोघेही बारीक जीव टिपणारे, शेवाळ त्यांच्या खाण्यातच नाही.

रॉयल ग्रामा एकच घ्या, दोन भांडतात. अर्धा जांभळा, अर्धा पिवळा, दगडाच्या कपारीत राहतो. फायरफिश देखणी आणि भित्री, पाण्याबाहेर उडी मारते. टाकीला झाकण हवंच, पण काचेचं नको. आपल्याकडे उन्हाळ्यात पाणी वाफेनेच थंड ठेवावं लागतं, काच लावली की ते थांबतं. अॅल्युमिनिअमच्या पट्टीत मच्छरदाणीची जाळी ताणून झाकण करा. उडी अडते, वारा अडत नाही.

वॉचमन गोबी आणि पिस्टल कोळंबी ही जोडी मिळाली तर सोडू नका. कोळंबीला दिसतं कमी, ती बीळ खणत राहते, गोबी दाराशी पहारा देते, आणि कोळंबीचा एक मिशीवजा स्पर्शक सतत गोबीच्या अंगाला लागलेला असतो. गोबी थरारली की दोघं आत. कोळंबी बीळ खणते तेव्हा वाळू उपसते, पण एकाच कोपऱ्यात. तो कोपरा त्यांना देऊन टाका आणि तिथे शेवाळ लावू नका. कॉलर्पा आपण होऊन तिकडे पसरत गेला तर वेळच्या वेळी कापा.

छोट्या नीऑन गोबी, फेअरी रॅस, सिक्स लाइन रॅस शेवाळाच्या बाबतीत सगळे निर्धोक. सिक्स लाइन स्वभावाने भांडखोर, तो शेवटी सोडा. मॅंडरिनचा मोह प्रत्येकाला होतो. तो शेवाळ खात नाही, त्यातले कोपेपॉड नावाचे सूक्ष्म जीव खातो, दिवसभर, आणि सहसा दुसरं काही खात नाही. मॅक्रोच्या टाकीत कोपेपॉड भरपूर असतात म्हणून इतर टाक्यांपेक्षा इथे त्याचं बरं चालतं. तरी टाकी किमान सहा महिने जुनी झाल्याशिवाय, आणि रात्री बॅटरीच्या उजेडात काचेवर पांढरे ठिपके सरपटताना दिसत नाहीत तोवर, नको.

स्वस्तातले निळे डॅमसेल टाळा. काही जाती स्वतःची शेवाळाची शेती राखतात आणि टाकीभर दादागिरी करतात.

१९० लिटरच्या टाकीला वरच्यातले पाच-सहा छोटे मासे पुष्कळ झाले.

पायरी ५: सफाईवाले, पण मोजकेच

सेरिथ ही लांबोडक्या शंखाची छोटी गोगलगाय सगळ्यात भरवशाची. वाळूवर, काचेवर, शेवाळाच्या देठावर बसलेला थर खाते, देठ खात नाही. नॅसेरियस वाळूत गाडून राहते, खाण्याचा वास आला की सोंड वर काढून येते आणि उरलंसुरलं मांस संपवते. पाल्याशी तिचं देणंघेणं नाही. ट्रोकस बहुतेक वेळा ठीक. उलटी पडली तरी स्वतः सरळ होते, हा तिचा मोठा गुण. नाजूक हॅलिमीनिया असेल तर तिच्यावर लक्ष ठेवा.

हर्मिट क्रॅब, म्हणजे रिकाम्या शंखात राहणारा खेकडा, मी घेत नाही. लाल पायांचा त्यातल्या त्यात सभ्य, पण सगळेच कोंब खुडून बघतात, आणि शंखासाठी गोगलगायी मारतात.

कोळंब्यांत क्लीनर श्रिम्प आणि पेपरमिंट श्रिम्प घ्या. पेपरमिंट तर उपयोगाची. शेवाळासोबत चोरून आलेलं एप्टेशिया नावाचं डंख मारणारं छोटं अॅनिमोन ती खाते. ठिसूळ तारामासा चालतो, मात्र मोठा हिरवा नको, तो रात्री झोपलेले मासे पकडतो.

आकडा कमी ठेवण्यामागे कारण आहे. सफाईवाल्यांचं जेवण म्हणजे काचेवरचा पातळ थर. दुकानदार पंचवीस गोगलगायींचं पॅकेज देतो, त्या पंधरवड्यात थर चाटून संपवतात, आणि मग उपाशी गोगलगाय जे समोर दिसेल ते चाखते. आठ-दहा सेरिथ, पाच-सहा नॅसेरियस, दोन ट्रोकस एवढ्यावर सुरू करा. काच तुम्ही स्वतः पुसा.

पायरी ६: कायदा

परदेशी लेख वाचाल तर शेवाळाच्या टाकीचा राजा म्हणून सागरी घोड्याचं नाव दिसेल. खरंच आहे, त्याला शेपूट अडकवायला देठ लागतात आणि तो पाला खात नाही. पण भारतात तो वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. त्याचा भाऊबंद पाइपफिश, समुद्री काकडी आणि आपल्या समुद्रातले प्रवाळही. कोणी 'घरगुती पैदास आहे' म्हणून देऊ लागला तरी घेऊ नका. प्रवाळ चिकटलेला 'लाइव्ह रॉक', म्हणजे समुद्रातून काढलेला जिवंत दगड, सुद्धा नको. कोरडा दगड घ्या आणि मुरवा.

पायरी ७: आणायचं कधी, तपासायचं कसं

इथे समुद्री जनावरं फारशी मिळत नाहीत. बहुतेक माल मुंबईहून, कुर्ला किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानांतून, नाहीतर सुरतहून येतो. दिवाळी ते महाशिवरात्र हा हंगाम धरा. ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या, थर्माकोलचा डबा, रात्रीची गाडी. एप्रिल ते जून अजिबात नको. ट्रॅव्हल्सच्या डिकीत डब्याचं काय होतं ते उघडल्यावरच कळतं. आणि डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडची थंडीही कमी नसते, पहाटे घरी आलेला डबा गार पडलेला असतो. पिशवी न फोडता टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवा, तापमान जुळू द्या, मग नळीने थेंब थेंब पाणी सोडत तासभर घ्या.

नवं जनावर थेट बागेत नाही. जुनी दोन फुटी टाकी, स्पंज फिल्टर, एक पीव्हीसीचा एल्बो लपायला, एवढं पुरे. त्यात ग्रॅसिलेरियाचा एक झुपका दोऱ्याने दगडाला बांधून ठेवा आणि फोटो काढा. रोज पोटभर मायसिस द्या आणि दोन-तीन आठवडे झुपका बघत राहा. यादीत 'चालतो' लिहिलेलं जनावरही एखादं वेगळं निघतं, ते इथे कळतं. एक सावधगिरी: आजारी माशाला तांब्याचं औषध द्यायचं असेल तर झुपका, गोगलगायी, कोळंब्या आधी बाहेर काढा. तांबं त्यांना मारतं, आणि ते औषध वापरलेला दगड पुन्हा बागेत घालू नका.

शेवाळ आणतानाही तपासा. झुपका पांढऱ्या ट्रेमध्ये टाकीच्याच खाऱ्या पाण्यात झटका. बारीक झिंगे, कृमी पडतील, ते राहू द्या. केसाळ पायांचा, काळ्या टोकाच्या नांग्यांचा खेकडा पडला तर तो आत जाऊ देऊ नका.

पायरी ८: खाल्लं, की विरघळलं?

घरी आलेला प्रत्येक पाहुणा टाकीसमोर उभा राहून विचारतो, "हाऊ मासा पाला खास का भो?" (हा मासा पाला खातो का?) खरा गोंधळ मात्र टाकीवाल्याचाच होतो. शेवाळ कमी झालं की तो माशाला दोष देतो, आणि निम्म्या वेळा मासा निर्दोष असतो.

खाल्लेल्या शेवाळाचा रंग शाबूत असतो. कडा कुरतडलेल्या, कुठे अर्धगोल चावा, टोकं गेलेली आणि जाड देठ उरलेले. फिल्टरच्या तोंडाशी ताजे, कडक तुकडे सापडतात. गोगलगायीचं असेल तर एकाच पानाची एक बाजू जाळीदार झालेली दिसते. दिवे बंद झाल्यावर दोन तासांनी लाल कागद लावलेली बॅटरी घेऊन बसा. बहुतेक निशाचरांना लाल उजेड खुपत नाही.

विरघळणारं शेवाळ आधी रंग टाकतं. टोकं पांढरी, पारदर्शक होतात, बोटांत धरलं तर बुळबुळीत लागतं आणि तुटतं. लाल ग्रॅसिलेरिया पिवळट-नारिंगी दिसू लागला तर नायट्रेट संपलाय किंवा दिवा फार प्रखर आहे. नवे लोक नायट्रेट शून्यावर आणण्याच्या मागे लागतात. प्रवाळवाल्यांचा हा नियम इथे उलटतो. मॅक्रोला ५ ते २० पीपीएम नायट्रेट आणि थोडा फॉस्फेट, ०.०५ ते ०.१ पीपीएम, हवाच. म्हणूनच मांसाहारी मासे आणि ही बाग यांचं जमतं. मासे खातात, त्यांची घाण शेवाळ शोषतं, तुम्ही शेवाळ कापून बाहेर काढता.

कॉलर्पाची गोष्ट निराळी. कितीही पसरला तरी एक रोप म्हणजे एकच अवाढव्य पेशी, आत भिंती नाहीत. त्यामुळे सगळीकडून एकदम कापाकापी केली तर जखमेतून रस गळतो. कधी तो बीजपेशी सोडतो, तेव्हा रातोरात अख्खी वेल काचेसारखी रंगहीन होते आणि पाणी दुधाळ. हे कोणी खाल्लेलं नाही. मेलेला भाग लगेच काढा, अॅक्टिव्हेटेड कार्बन घाला, हवेचा पंप जोरात चालवा.

पायरी ९: पोट भरलेलं ठेवा, आणि रात्रीची हवा

दिवसातून दोनदा, थोडं थोडं, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढं खाणं. गोठवलेला मायसिस किंवा आर्टेमिया सगळ्यात बरा. लोडशेडिंग लांबलं आणि फ्रीझरमधला माल वितळून पुन्हा गोठला, तर तो टाकून द्या. घरचे मासे नाक मुरडतील त्याआधी पाणी बिघडेल. पोट भरलेला कार्डिनल शेवाळाला शिवत नाही, पण आठवडाभर उपाशी ठेवलेली निर्धोक गोगलगायही भरवशाची नसते. गावाला जाताना शेजाऱ्याला खाण्याच्या पुड्या बांधून तारीख घालून द्या, डबा देऊ नका.

शेवाळ दिवसा प्राणवायू देतं, रात्री घेतं. मे महिन्यातल्या गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. त्यात रात्री वीज गेली तर पहाटे तीन-चारला मासे वर तोंड काढून असतात. मासे कमी ठेवा म्हणतो ते यासाठीही. बॅटरीवरचा हवेचा पंप किंवा इन्व्हर्टरवर एक छोटा पंप जोडलेला असू द्या. दिवसा पाण्यावर आडवा पंखा लावा. आपली हवा कोरडी, दोन-तीन अंश सहज उतरतात. उडालेल्या पाण्याच्या जागी साधं आरओचं पाणी घाला, मीठ घातलेलं नाही, कारण मीठ उडत नाही.

चुकीचा निघाला तर

शेवाळाच्या गर्दीत जाळीने मासा पकडणं होत नाही, बाग मात्र उपटली जाते. एक लिटरची पाण्याची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून उलटा आत बसवा, आत मायसिस टाका, दगडाजवळ आडवी ठेवा. एक दिवस खाणं दिलं नाही की मासा आपण होऊन आत जातो. तो दुकानदाराला किंवा मोठी टाकी असलेल्या दुसऱ्या छंदवाल्याला द्या. जळगावच्या मेहरूण तलावात किंवा वाघूर-गिरणा नद्यांत सोडू नका. गोड्या पाण्यात तो काही तासांत तडफडून मरेल. कापलेला कॉलर्पाही नाल्यात नको. १९८४ साली मोनॅकोजवळ समुद्रात दिसलेला टॅक्सिफोलिया कॉलर्पाचा छोटासा पट्टा पुढे भूमध्य समुद्रात मैलोन्मैल पसरला. गच्चीवर जुन्या वर्तमानपत्रावर पसरा, आपल्या उन्हात दुपारपर्यंत कडकडीत होतो, मग कचऱ्यात टाका. कुंडीत घालू नका, त्यात मीठ असतं.